मेंदूतील रक्तवाहिन्यांचा गुंता : फिट आली की कांदा नको, तपासणी हवी

वस्तीत एखाद्या तरुण मुलाला किंवा मुलीला पहिल्यांदाच फिट आली की काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी दातांत चमचा घालतो. थोड्या वेळाने रुग्ण शुद्धीवर येतो आणि ‘उपाशी होता, उन्हात फिरला’ म्हणून विषय संपतो. मुलगी लग्नाची असेल तर शेजाऱ्यांनाही कळू दिले जात नाही. अंगारा-धुपारा आपण सोडला, हे चांगलेच झाले. पण फिटचे कारण शोधायचे मात्र राहून जाते.

फिट येण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले एक कमी आढळणारे, पण दुर्लक्ष केल्यास जिवावर बेतू शकणारे कारण म्हणजे मेंदूतील रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता. डॉक्टर त्याला ‘ए.व्ही.एम.’ म्हणतात.

नेमके काय बिघडते?

हृदयाकडून रक्त नेणाऱ्या रोहिण्यांत रक्ताचा दाब जास्त असतो. पुढे त्यांना बारीक केशवाहिन्या फुटतात. तिथे दाब उतरतो, मेंदूला प्राणवायू मिळतो आणि मग रक्त पातळ भिंतीच्या नीलांतून हृदयाकडे परत जाते. ए.व्ही.एम.मध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात. रोहिणी थेट नीलेला जोडलेली असते. मोठ्या जलवाहिनीला घरातली रबरी नळी जोडली तर ती जशी फुगेल, तशी नीला फुगते आणि कधी फुटते.

हा दोष बहुतेक वेळा जन्मापासून असतो, पण लक्षात येतो तो बहुधा १० ते ४० या वयात. तो संसर्गाने होत नाही आणि सहसा आईबापांकडूनही येत नाही. म्हणून सुनेला किंवा तिच्या माहेरला बोल लावू नका.

लक्षणे

फिट येणे, एकाच बाजूला वरचेवर डोके दुखणे, हात-पाय हळूहळू कमजोर होणे. काहींना काहीच त्रास होत नाही. गुंता फुटून मेंदूत रक्तस्राव झाला तर अचानक, कधी झाले नाही असे भयंकर डोके दुखते, उलट्या होतात, बोबडी वळते, एक बाजू लुळी पडते किंवा शुद्ध हरपते. अशा वेळी घरगुती उपाय किंवा मेडिकलमधून आणलेली गोळी नको. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि सिटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या. प्रत्येक डोकेदुखी ए.व्ही.एम.ची नसते, म्हणून घाबरू नका. पण अचानक आलेली तीव्र डोकेदुखी अंगावर काढू नका.

तपासण्या

सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव लगेच दिसतो. एमआरआयमध्ये गुंता मेंदूच्या कोणत्या भागात आहे ते कळते. संपूर्ण नकाशा मिळतो तो अँजिओग्राफीत. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून बारीक नळी घालून मेंदूच्या वाहिन्यांत औषध सोडतात आणि एक्स-रेवर चित्र घेतात. यात मेंदू उघडत नाहीत.

उपचार कसा ठरतो?

गुंता किती मोठा आहे, बोलणे किंवा हालचाल सांभाळणाऱ्या भागात आहे का, आणि त्यातले रक्त खोलवरच्या नीलांत जाते का, या तीन गोष्टींवरून डॉक्टर १ ते ५ अशी श्रेणी लावतात. श्रेणी कमी असेल तर शस्त्रक्रिया तुलनेने सुरक्षित असते.

उपचार मुख्यतः तीन आहेत. पहिला, कवटी उघडून गुंता काढणे. दुसरा, नळीतून गोंदासारखे औषध सोडून वाहिन्या बुजवणे. हा बहुधा इतर उपचारांच्या जोडीने करतात. तिसरा, गामा नाइफसारखी नेमकी किरणे देणे. हा लहान, म्हणजे साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गुंत्याला जास्त उपयोगी पडतो. मात्र गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो.

असा गुंता असलेल्या शंभर जणांपैकी साधारण २ ते ४ जणांना दर वर्षी रक्तस्राव होतो. एकदा रक्तस्राव झालेल्यांना धोका अधिक. पण न फुटलेल्या प्रत्येक गुंत्यावर लगेच शस्त्रक्रिया हवीच, असे नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, न फुटलेल्या गुंत्याच्या रुग्णांपैकी फक्त औषधांवर ठेवलेल्यांना पहिल्या काही वर्षांत कमी धोका दिसला. तो अभ्यास थोड्याच वर्षांचा होता, असा आक्षेपही तज्ज्ञ घेतात. म्हणून घाईने घर गहाण टाकू नका. ‘उपचार केला तर धोका किती, न केला तर किती?’ हे न्यूरोसर्जनला स्पष्ट विचारा. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

खर्चाचे काय?

मुंबईत के.ई.एम., सायन, नायर आणि जे.जे. या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरोसर्जरी विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि तुमचा उपचार योजनेत बसतो का ते विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. ही मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागा.

घरी लक्षात ठेवा

फिट आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ पाहा. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली तर रुग्णालय गाठा. फिटच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. रक्तदाब आटोक्यात ठेवा, तंबाखू-विडी सोडा. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि मुलीचा आजार लग्नासाठी लपवू नका. लपवलेल्या आजाराच्या गोळ्या सासरी चुकतात आणि फिट पुन्हा येते.