गाडीच्या टपावरील कॅरियर

टपावरील कॅरियर म्हणजे मोटारगाडीच्या छतावर सामान वाहून नेण्यासाठी बसवलेली धातूची चौकट, जाळी किंवा आडव्या दांड्यांची जोडी होय. गाडीच्या छताला बोलीभाषेत टप म्हणतात, त्यावरून हे नाव आले आहे. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांतून दूरवर भटकंती करून उघड्यावर मुक्काम करणारे प्रवासी तंबू, ताडपत्री, पाण्याचे व इंधनाचे कॅन, ज्यादा चाक इत्यादी वस्तू नेण्यासाठी त्याचा उपयोग करतात. कॅरियर निवडताना ग्राहकाचे लक्ष प्रथम आकार, रूप आणि किंमत यांकडे जाते. प्रत्यक्षात योग्य निवड ही मुख्यतः वजनाच्या हिशेबावर ठरते, आणि तो हिशेब चुकल्यास गाडी उलटण्यापर्यंत परिणाम होऊ शकतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील वाचकाला ही वस्तू नवी नाही. एसटीच्या जुन्या गाड्यांच्या मागे लोखंडी शिडी असे आणि टपावरच्या कठड्यात वळकट्या, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, क्वचित सायकलही चढवली जाई. पुढे जीप, ट्रॅक्स, सुमो अशा गाड्यांवर गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानातून करवून घेतलेली कॅरियर दिसू लागली. लग्नाच्या वऱ्हाडाचे सामान वाहणारे कॅरियर आणि लडाखच्या वाटेवरचे कॅरियर यांचे काम वरवर सारखेच दिसते. मात्र दुसऱ्याला दिवसचे दिवस खडबडीत रस्त्याचे हादरे सोसावे लागतात, हा मोठा फरक आहे.

लांब पल्ल्याच्या मोहिमांतील वापराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांच्या सहा विद्यार्थ्यांनी १९५५-५६ मध्ये केलेला लंडन ते सिंगापूर हा प्रवास. दोन लँड रोव्हर गाड्यांतून झालेल्या या मोहिमेचा मार्ग भारतातूनच गेला होता. त्या गाड्यांच्या टपावर सामानाने भरलेली कॅरियर होती. तयार कॅरियर विकणाऱ्या कंपन्यांमध्ये स्वीडनची थुले ही जुनी कंपनी आहे. १९४२ साली स्थापन झालेली ही कंपनी आरंभी मासे पकडण्याचे सापळे बनवीत असे. टपावरचे कॅरियर तिने १९६२ मध्ये आणले. ऑस्ट्रेलियातील ऱ्हायनो-रॅक आणि दक्षिण आफ्रिकेतील फ्रंट रनर यांची उत्पादने विशेषतः कच्च्या रस्त्यांवरील वापरासाठी ओळखली जातात.

भारमर्यादा

गाडीचे छत पातळ पत्र्याचे असते. भार पेलतो तो पत्रा नव्हे, तर त्याच्या कडेची चौकट आणि दारांच्या मधले खांब. त्यामुळे प्रत्येक गाडीच्या उत्पादकाने छतावर किती वजन ठेवता येईल हे ठरवून दिलेले असते आणि ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते. कॅरियर बनवणारी कंपनी आपल्या कॅरियरची मर्यादा वेगळी सांगते. या दोन आकड्यांपैकी जो लहान, तोच ग्राह्य धरावा लागतो. दुकानदार बहुधा कॅरियरचा आकडा सांगतो आणि तो मोठा असतो. दीडशे किलो पेलणारे कॅरियर पंचाहत्तर किलो मर्यादेच्या छतावर बसवले, तरी छत पंचाहत्तरचेच राहते.

दुसरी गोष्ट अशी की, छताच्या मर्यादेत कॅरियरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. अनेकांच्या हे ध्यानात येत नाही.

मर्यादा दोन प्रकारच्या असतात. गाडी चालत असताना लागू होते ती गतिमान मर्यादा आणि गाडी उभी असताना लागू होते ती स्थिर मर्यादा. उभ्या गाडीच्या छताला खड्ड्यांचे हादरे, वळणावरचा ओढा किंवा ब्रेकचा झटका सोसावा लागत नाही, म्हणून स्थिर मर्यादा बरीच मोठी असते. २०२० साली बाजारात आलेल्या लँड रोव्हर डिफेंडर ११० या गाडीची गतिमान मर्यादा १६८ किलो, तर स्थिर मर्यादा ३०० किलो आहे. टपावर उघडणाऱ्या तंबूत दोन माणसे झोपू शकतात ती याच कारणाने. तंबू मिटून प्रवास करताना त्याचे वजन गतिमान मर्यादेत बसले पाहिजे, आणि रात्री तंबू, अंथरूण व माणसे यांचे एकत्रित वजन स्थिर मर्यादेत.

सर्वच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या अशा भक्कम नसतात. तीन दारांच्या सुझुकी जिम्नीच्या छताची मर्यादा अवघी ३० किलो आहे. जाड लोखंडी कॅरियर बसवले, तर सामानाचा एक नगही चढवण्याआधी ती संपू शकते. काही जीपसदृश गाड्यांचे छत कापडी किंवा फायबरचे असते. त्यावर थेट कॅरियर बसवता येत नाही. भार गाडीच्या सांगाड्यावर उतरवणारी वेगळी चौकट लागते.

कच्च्या रस्त्यावर ही मर्यादा आणखी कमी धरतात. काही उत्पादक पक्क्या रस्त्यासाठी दिलेला आकडा दीडने भागण्यास सांगतात. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, छताची गतिमान मर्यादा १०० किलो आहे. दीडने भागल्यावर ती सुमारे ६६ किलो होते. लोखंडी कॅरियरचे वजन ४० किलो असेल, तर सामानासाठी २६ किलो उरतात. पाण्याने भरलेला वीस लिटरचा एक कॅन ठेवला की मर्यादा जवळजवळ संपली. त्याच गाडीवर २२ किलोचे अ‍ॅल्युमिनियमचे कॅरियर बसवले, तर ४४ किलो उरतात. कागदावर दोन कॅरियरमध्ये अठरा किलोचाच फरक दिसतो. पण या गाडीच्या बाबतीत सामान नेण्याची सोय त्यामुळे दीडपटीहून अधिक होते.

तिसरी मर्यादा सगळ्या गाडीची. प्रवासी, इंधन, डिकीतले सामान आणि टपावरचे ओझे मिळून गाडीचे एकूण वजन तिच्या ठरलेल्या कमाल वजनाच्या आत राहावे लागते. पाच माणसे बसलेल्या गाडीत टपावरची मर्यादा पाळूनही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते.

गुरुत्वमध्यावर होणारा परिणाम

टपावरच्या वजनाने गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. गाडी उलटण्याची शक्यता अजमावण्यासाठी दोन चाकांमधील आडव्या अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची असे गुणोत्तर वापरतात. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा प्रशासनही गाड्यांची तुलना करताना याच गुणोत्तराचा आधार घेते. ते जितके मोठे, तितकी गाडी स्थिर.

समजा, २००० किलो वजनाच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे आणि चाकांमधील अंतर दीड मीटर आहे. हे गुणोत्तर १ येते. आता जमिनीपासून दोन मीटर उंचीवर १०० किलो ओझे ठेवले, तर गुरुत्वमध्य सुमारे ८१ सेंटिमीटरवर जातो आणि गुणोत्तर ०.९३ पर्यंत उतरते. वजन पाच टक्क्यांनी वाढले, स्थैर्य मात्र सात टक्क्यांनी घटले. पहिल्या स्थितीत ही गाडी बाजूला ४५ अंश कलल्यावर उलटेल. दुसऱ्या स्थितीत सुमारे ४३ अंशांवर. हे आकडे स्प्रिंगांचे दबणे आणि टायरांचे वाकणे वगळून काढलेले आहेत. प्रत्यक्षात उंचावरच्या ओझ्याने गाडी उताराकडे अधिक झुकते, म्हणून खरी मर्यादा याहून बरीच आधी येते. घाटातले वळण, नदीपात्रातला आडवा उतार आणि एकाएकी समोर आलेल्या जनावराला चुकवताना फिरवलेले चाक हे तीन प्रसंग या दृष्टीने सर्वांत घातक होत.

बसवण्याच्या पद्धती

जुन्या धाटणीच्या गाड्यांच्या छताला दोन्ही कडांनी पावसाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. कॅरियरचे पाय या पन्हळीत अडकवून आवळतात. भार कडेवर अनेक ठिकाणी वाटला जात असल्याने ही पद्धत भरवशाची मानली जाते. नव्या जिम्नीलाही अशी पन्हळ आहे. काही गाड्यांच्या छतात उत्पादकाने आधीच आटे पाडलेली भोके ठेवलेली असतात आणि ती प्लास्टिकच्या टोपणांनी झाकलेली असतात. तेथे बोल्टने कॅरियर पक्के बसते. काहींना लांबीच्या दिशेने उंच रेल असतात. केवळ दारांच्या चौकटीत आकडे अडकवून बसवण्याची पद्धत हलक्या सामानापुरती ठीक असली, तरी मुक्कामी भटकंतीच्या ओझ्यासाठी ती पुरेशी नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांवरील रेल केवळ शोभेच्या असतात. त्यांवर दांड्या आवळल्या तर त्या ओझ्यासकट निखळू शकतात. रेल भार घेणाऱ्या आहेत की नाहीत, हे माहितीपुस्तिकेतच पाहावे. दुकानात हाताने ओढून पाहिल्याने काही कळत नाही.

लोखंड की अ‍ॅल्युमिनियम

लोखंडी कॅरियर स्वस्त असते, हादरे चांगले सोसते आणि तडा गेल्यास लहानशा गावातही वेल्डिंग करून मिळते. स्पितीसारख्या दुर्गम भागात या शेवटच्या गुणाचे मोल मोठे आहे. त्याचे दोष दोन: वजन आणि गंज. कोकणच्या खाऱ्या हवेत व पावसाळ्यात रंगाचा एक टवका उडाला तरी तेथून गंज धरू लागतो, आणि नळीच्या आत साचलेल्या पाण्याचा गंज बाहेरून दिसतही नाही.

अ‍ॅल्युमिनियम हलके असते आणि लोखंडासारखे गंजत नाही. मात्र सतत थरथरणाऱ्या रस्त्यावर त्याच्या वेल्डिंगच्या सांध्यांना बारीक तडे जाण्याचा संभव असतो आणि त्याचे वेल्डिंग सर्वत्र होत नाही. म्हणून चांगल्या कंपन्या अ‍ॅल्युमिनियमचे भाग वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडतात. एक दांडी निकामी झाली तर तेवढीच बदलता येते. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम यांमध्ये खारे पाणी साचल्यास अ‍ॅल्युमिनियम झिजते. दोहोंमध्ये प्लास्टिकची चकती घालणे हा त्यावरचा साधा उपाय होय. ज्या गाडीची छतमर्यादा शंभर किलोच्या आसपास किंवा कमी आहे, तिच्यासाठी वरील हिशेब पाहता अ‍ॅल्युमिनियमचा वाढीव खर्च सार्थ ठरतो.

रचनेच्या दृष्टीने कठडा असलेली टोपली आणि सपाट फळ्यांचा मंच असे दोन प्रकार प्रचलित आहेत. टोपलीत सुटे सामान घसरत नाही, परंतु टपावरचा तंबू तीत नीट बसत नाही. मंचावर तंबू, पेट्या, फळकुटे काहीही बसते. बांधणी मात्र काटेकोर करावी लागते. ज्यांना फक्त तंबूच न्यायचा आहे त्यांना दोन-तीन भक्कम आडव्या दांड्या पुरतात.

हवेचा रोध आणि उंची

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे कॅरियरचा इंधनखर्च शहरात फारसा जाणवत नाही आणि महामार्गावर जाणवतो. अमेरिकी सरकारने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार टपावरील मोठ्या पेटीमुळे गाडीचे इंधनमान शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला १० ते २५ टक्के घटते. रिकामे कॅरियरही काही प्रमाणात रोध करते व शीळ घातल्यासारखा आवाज करते. सहज काढता येणारे कॅरियर निवडून एरवी ते घरी ठेवणे हाच यावरचा खरा इलाज आहे.

सामानासह गाडीची नवी उंची मोजून ती चालकाच्या डोळ्यांसमोर लिहून ठेवतात. तळघरातील वाहनतळ, रेल्वेखालचे बोगदे आणि झाडांच्या खाली आलेल्या फांद्या येथे ती उपयोगी पडते.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. छताला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून कायमचे बसवलेले कॅरियर त्यामुळे वादाचे कारण होऊ शकते. उत्पादकाने त्या गाडीसाठी दिलेले, काढता येणारे कॅरियर घेणे अधिक सुरक्षित. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १९४(१अ) नुसार सामान बाजूंनी, पुढे, मागे किंवा अनुज्ञेय उंचीबाहेर गेल्यास वीस हजार रुपये दंड आहे.

सामान रचणे

टप शेवटी भरावा, आणि तोही हलक्या पण जागा अडवणाऱ्या वस्तूंनी: झोपण्याच्या पिशव्या, गाद्या, रिकाम्या घड्या होणाऱ्या खुर्च्या, तंबूचे कापड. पाणी, अवजारे, शिधा व बॅटरी यांची जागा गाडीच्या आत, तळाशी आणि मागच्या आसाच्या पुढे. वीस लिटर डिझेल साधारण १७ किलो भरते आणि मोठ्या गाडीचे ज्यादा चाक ३० किलोंच्या घरात जाते. ते मागच्या दारावर किंवा गाडीखालीच बरे. पेट्रोलचे कॅन उन्हात टपावर ठेवू नयेत.

जोराचा ब्रेक लागला की ६० किलोंचे ओझे सुमारे ४८ किलोंच्या बलाने पुढे खेचले जाते. लवचिक रबरी दोऱ्या अशा वेळी ताणल्या जातात आणि सामान सुटते. त्यासाठी खटक्याने आवळता येणारे पट्टे वापरतात आणि निदान दोन पट्टे पुढून मागे असे घेतात. नवीन बसवलेल्या कॅरियरचे बोल्ट पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर एकदा आणि पुढे कच्च्या रस्त्यावर रोज सकाळी निघण्यापूर्वी तपासावे लागतात. पहिल्या दिवशी रबरी बैठका दबतात, त्यामुळे नीट आवळलेले बोल्टही ढिले होतात.