समुद्राच्या तळाशी कवेलू

पावसाळ्याच्या तोंडावर यवतमाळकडच्या जुन्या घरांचे कवेलू उतरवतात. खाली उभं राहून एकेक हातात घ्यायचा, धड एकीकडे, फुटका दुसरीकडे. इंग्रजी कवेलू असेल तर तो जरा उलटा करून बघा. पाठीवर कारखान्याचं नाव ठसठशीत उमटलेलं असतं.

असंच एक नाव गोव्याच्या समुद्रात सापडलं! सेंट जॉर्ज रीफ या खडकाळ जागी बुडालेल्या जहाजाचा माल शोधताना दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना ठसा दिसला: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मंगळूरचा हा कारखाना त्याच साली सुरू झाला. म्हणजे जहाज बुडालं ते त्यानंतरच. कौलं, फरश्या, खांबांचे गोल तुकडे, वर बसवायची पानाफुलांची शीर्षं, सगळं भाजलेल्या मातीचं. कुणाची तरी अख्खी इमारतच निघाली होती म्हणा ना.

आणि जहाज? त्याचा लाकडी सांगाडा मात्र मिळाला नाही. खाऱ्या पाण्यात अळीसारखा दिसणारा एक जीव असतो, खरं तर शिंपल्यांचा भाऊबंद. तो लाकूड पोखरून भुगा करतो. गाळात गाडलेलं लाकूड त्याच्या तावडीतून वाचतं, कारण तिथे त्याला प्राणवायू मिळत नाही. पण खडकावर गाळ तो किती साचणार? भट्टीतून निघालेल्या मातीला मात्र हा जीव तोंड लावत नाही. जवळच्याच सुंची रीफवर तर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले, तेही अवघ्या तीन ते सहा मीटर पाण्यात.

उथळ पाण्याचा पाणबुड्याला मोठा फायदा. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. नळकांड्याचा रेग्युलेटर त्याच दाबाची हवा तोंडात देतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्ची पडते. जितकं वर राहाल, तितका वेळ जास्त.

गंमत रंगाची आहे. पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग गिळतं. त्यामुळे थोडं खोल गेलं की आपला ओळखीचा कवेलूसुद्धा राखाडी, निळसर, परका दिसणार. मग हातभर अंतरावरून त्यावर बॅटरी मारायची. तेवढ्या गोलात तो पुन्हा लालभडक.