पित्त म्हणून अंगावर काढू नका

लग्नाच्या पंगतीत जेवण जड झालं आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली. ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत गेली. अशा वेळी आपण बायका काय करतो? ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पितो, पडून राहतो आणि सकाळी पुन्हा कामाला लागतो. पण मैत्रिणींनो, असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात.

यकृतात रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं. त्यातलं काही यकृताखालच्या पिशवीत, म्हणजे पित्ताशयात साठून दाट होतं. तेला-तुपाचं खाल्लं की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात उतरतं. पित्तात कोलेस्टेरॉल वाढलं किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, की खडे धरतात. काही खडे पित्तातल्या रंगद्रव्याचे आणि कॅल्शियमचेही असतात.

हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. गरोदरपणात हार्मोन्समुळे पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, पिशवीही मंदावते. कडक उपास करून झपाट्यानं वजन उतरवणं हेही एक कारण.

मुतखड्यावरचं कुळथाचं कढण इथं उपयोगी नाही. तेल आणि लिंबाचा रस पिऊन पडणारे हिरवे ‘खडे’ म्हणजे बहुधा त्या तेलाचेच साबणासारखे गोळे!

उपाशीपोटी सोनोग्राफी केली की खडे दिसतात. त्रास न देणाऱ्या खड्यांना सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. दुखत असेल तर मात्र पिशवीच काढतात. पचन तिच्याविना चालतं, कारण पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरतं. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केली. आता ती सर्रास तशीच होते आणि बहुतेकजणी एक-दोन दिवसांत घरी येतात.

थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा कळ काही तास थांबलीच नाही, तर सकाळची वाट पाहू नका. खडा नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते आणि जिवावर बेतू शकतं.

मुलाचं पोट दुखलं तर आपण मध्यरात्रीही डॉक्टरांचं दार ठोठावतो. तेवढीच घाई स्वतःसाठीही करा.