हरिहरेश्वरला निघताय? आधी तिथी बघा

जांबे (ता. मुळशी) : आपल्या भागातनं समुद्राला जायचं तर पौड, ताम्हिणी घाट, माणगाव करत दिवेआगर, श्रीवर्धन नाहीतर हरिहरेश्वर गाठायचं. फोटोची हौस सगळ्यांनाच. पण कॅलेंडरात सुट्टीबरोबर तिथीही बघावी.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. तिथनं साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब मोघम आहे, थोडं मागंपुढं होतं.

यावरनं पौर्णिमा-अमावस्येला भरती अकरा-बाराला अन् ओहोटी दिवस मावळायच्या सुमारास. पाणी लांब गेलेलं, ओल्या वाळूत तांबडं आभाळ उतरलेलं. बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या मांडून केलेली नक्षीही तेव्हाच सापडते. सूर्यापेक्षा तिचाच फोटो भारी येतो, मोबाईल मात्र पार जमिनीलगत धरायचा.

पण हेच दिवस उधाणाचे. पाणी जितकं लांब जातं तितकंच वर चढतं. हरिहरेश्वरच्या देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकातनं आहे, ती ओहोटीलाच चालायची. तिथं लाटेनं माणसं ओढून नेलीत. पाणी फिरलं की सेल्फी राहू द्या, वर या. गाडी वाळूत घालायची तर अजिबात नाही; भरतीत अडकली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्यांचे फोटो खुशाल काढा, पाण्यात उतरू नका. मासळी विकणाऱ्या मावशींचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा.