प्रिंट निघत नाही? आधी वायर बघा!

खरिपाच्या धावपळीत कार्यालयात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "मामा, प्रिंटर बंद आहे, उद्या या." हे ज्याला ऐकावं लागतं तो तांड्यावरून एसटीनं आलेला असतो. भाडं गेलं, रोज बुडाला आणि पीक विम्याची मुदत तोंडावर आलेली.

मागच्या पावसाळ्यात एका कार्यालयात असंच झालं. तीन संगणक आणि एक प्रिंटर, सगळे एकाच स्विचला जोडलेले. सकाळपासून एक कागद निघेना. बाहेर वीस-पंचवीस माणसं बसलेली. कोणी म्हणे व्हायरस, कोणी म्हणे प्रिंटरच बदला. नांदेडहून मेकॅनिक यायचा म्हणजे दुसरा दिवस. रांगेतले एक म्हातारे बाबा मला म्हणाले, "साहेब, पान पिवळं पडलं की फवारणीआधी मूळ उकरून बघा, असं तुम्हीच सांगता ना?" कपाट सरकवलं, तर मागं उंदरानं वायर कुरतडलेली! नवी वायर लावली आणि अर्ध्या तासात रांग हलली.

हे दुखणं आजचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा खोऱ्यात १९९८ साली गावोगाव संगणक केंद्रं जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. पुढं संगणक सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा २००७ च्या सुमारास काही गावांत मोबाईलच्या संदेशावर काम चालवून पाहिलं गेलं. यंत्र बसवणं सोपं असतं, ते चालू ठेवणं अवघड.

ग्रामसेवक आणि कृषी सहायक बंधूंनी पुढच्या गोष्टी क्रमानं तपासाव्यात.

१) दिवे : वायर जिथं खोचतो तिथला बारीक दिवा बघा. दिवा नसेल तर वायर, पिन किंवा वीज यांतच दोष. चालू असलेली दुसरी वायर लावून बघा. तिनं दिवा लागला तर जुनी काढून टाका. नाही लागला तर स्विचचं दुसरं भोक वापरून बघा.

२) वायर : आत आठ तारा, चार जोड्या असतात. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. एका वायरीची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. विजेच्या वायरीला लगटून नेऊ नका, पाइपातून न्या. उघड्यावरून दुसऱ्या इमारतीत नेलेल्या वायरीला कडकडाटात धोका असतो. आभाळ भरून आलं की पिना आधीच काढून ठेवा.

३) पत्ता : प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. संगणकाचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असं समजा. प्रिंटरचा पत्ता बदलला तरी छपाई थांबते, म्हणून तो कायमचा ठरवून घ्या. प्रिंटर एखाद्या संगणकामार्फत सगळ्यांना दिला असेल, तर तो संगणक चालू हवा.

४) छपाईची रांग : एक काम अडकलं की मागची सगळी अडतात. अडकलेलं काम रद्द करा, 'प्रिंट स्पूलर' बंद करून पुन्हा चालू करा. प्रिंटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका, नंतर एकाच कागदाच्या दहा प्रती निघतात!

५) प्रिंटर : त्याचं स्वतःचं चाचणी पान काढून बघा. ते नीट निघालं तर प्रिंटर ठीक, दोष पुढं आहे. पावसाळ्यात कागद ओलसर होऊन अडकतो, रीम बांधून कोरड्या जागी ठेवा.

एवढं करूनही अडलं तर जाणकाराला बोलवा. सप्टेंबर २०२१ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेक कार्यालयांतले असे सामायिक प्रिंटर एकाएकी बंद पडले होते. तिथं वायर बदलून उपयोग नव्हता.

शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर मिळतो. त्यावर वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. एका ठिकाणी प्रिंटर बंद असेल तर दुसऱ्या केंद्रावर काढून घ्या.

आणि प्रत्येक कार्यालयानं एक जादा वायर, चार पिना आणि वायर तपासायचा टेस्टर कपाटात ठेवावा. शेतकऱ्याच्या बुडालेल्या एका रोजापुढं हा खर्च काहीच नाही.