तीन महिन्यांची साखर

रक्त तपासायचं ठरलं की आधीचे दोन-तीन दिवस घरात एकदम शिस्त येते. चहा बिनसाखरेचा, ताटातला भात गायब. उपाशीपोटीची साखर मग बरी येते आणि संध्याकाळी जिलेबी! ‘एचबीएवनसी’ या तपासणीपुढे मात्र ही चलाखी चालत नाही. का बरं?

तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. रक्तातली साखर त्याला आपोआप चिकटते आणि एकदा पक्की चिकटली की सुटत नाही. पाकात सोडलेल्या गुलाबजामासारखंच हे: पाक जितका गोड, मुक्काम जितका लांब, तितका गोडवा आत. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब हाती येतो.

हा आकडा ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मला महत्त्वाचा वाटतो तो ५.७ ते ६.४ हा पट्टा. त्रास काहीच नसतो, पण पाऊल उंबरठ्यावर असतं. इथून परत फिरता येतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अशा उंबरठ्यावरच्या लोकांनी आहार सांभाळून थोडं वजन उतरवलं, आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम केला. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

एक मेख मात्र आहे. तांबड्या पेशी लवकर मरत असतील तर हिशेब चुकतो. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल हा असाच, तांबड्या पेशी लवकर मारणारा आजार आढळतो. तो असेल तर या आकड्यावर विसंबू नये, साखर थेट मोजावी.