शंखाच्या विषाची प्रयोगशाळा

अमेरिकेतलं शिक्षण आटोपून बाल्डोमेरो ऑलिव्हेरा १९६०च्या दशकाच्या अखेरीस मनिलाला परतले, तेव्हा त्यांच्या नावावर मोलाचं काम जमा होतं. डीएनएचे तुटलेले धागे सांधणारं लायगेज हे एन्झाइम शोधून काढणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी ते एक. पण फिलिपीन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते काम पुढे न्यायला उपकरणंच नव्हती. मग महागडी यंत्रं लागणार नाहीत आणि कच्चा माल हाताशी मिळेल, असा विषय त्यांनी शोधायला घेतला. लहानपणापासून त्यांना शंख जमवायचा नाद होता. मनिलाच्या बाजारात आणि आसपासच्या समुद्रात कोन शंख भरपूर मिळत. त्यातल्या कोनस जिऑग्राफस या जातीच्या दंशानं माणसं दगावल्याच्या नोंदी होत्या. इतक्या संथ प्राण्याच्या विषात एवढं जहाल काय असतं, हा प्रश्न घेऊन ऑलिव्हेरा आणि त्यांच्या सहकारी लूर्देस क्रूझ कामाला लागले. पुढची पन्नासेक वर्षं याच प्रश्नात गेली, आधी मनिलात आणि मग अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात.

कोन शंखातली गोगलगाय शिकारी असते. काही जाती समुद्री कृमी खातात, काही दुसऱ्या गोगलगायी आणि काही चक्क मासे. माशामागे धावणं तिला शक्य नसतं. त्यामुळे पहिल्याच टोचणीत मासा जागच्या जागी थिजला पाहिजे. तिचा दात पोकळ, टोकाला काटे असलेला आणि एकदाच वापरायचा असतो. तो लांब सोंडेच्या टोकाला येतो आणि विषाच्या दाबासरशी माशाच्या अंगात घुसतो. क्षणात मासा ताठ होतो.

हे विष काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्लास्टिकच्या छोट्या नळीच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात आणि त्यावर माशाच्या परातला एक तुकडा ठेवतात. ही नळी गोगलगायीसमोर धरली की माशाच्या वासानं तिची सोंड हळूहळू बाहेर येते, चाचपडते, पराला टेकते आणि दात पडद्यातून आरपार जातो. नळीत विषाचे काही थेंब पडतात. प्राणी मरत नाही, काही दिवसांनी पुन्हा विष देतो. पूर्वी विषग्रंथीच कापून काढावी लागे. त्यामुळे ही युक्ती मला या सगळ्या कामातली फार मोठी गोष्ट वाटते.

मनिलातला पहिला निकाल मात्र थोडा हिरमोड करणारा होता. विषाचे घटक वेगळे करून उंदरांच्या पोटात टोचले, तेव्हा त्यांना लुळं पाडणारा पदार्थ सापडला खरा. पण नागाचं विष स्नायूंच्या ज्या ग्राहीवर बसतं, तिथेच तोही बसत होता. म्हणजे नवं काही हाती लागलं नव्हतं. काम तिथेच थांबलं असतं तर कुणी दोष दिला नसता.

वळण दिलं ते युटातल्या क्रेग क्लार्क या पदवीच्या विद्यार्थ्यानं. विष पोटात न टोचता थेट मेंदूत टोचून पाहू, असं त्यानं सुचवलं. ऑलिव्हेरांना फारशी आशा नव्हती, तरी त्यांनी त्याला करू दिलं. आणि चित्रच पालटलं. विषाच्या एका घटकानं उंदीर झोपी गेले, दुसऱ्यानं थरथरू लागले, तिसऱ्यानं अंग खाजवत सुटले. झोप आणणारा पदार्थ तर असा, की दोन आठवड्यांच्या आतली पिल्लं झोपत आणि मोठे उंदीर उलट सैरावैरा पळत. एकाच विषात शंभराहून अधिक निरनिराळी पेप्टाइडं होती. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ही पेप्टाइडं चेतापेशीच्या वेगवेगळ्या दारांवर नेम धरून बसत होती. कुलपागणिक वेगळी किल्ली असावी, तसा हा प्रकार.

त्यातलं थरथर आणणारं पेप्टाइड शोधलं मायकेल मॅकिंटॉशनं. तो नुकताच शाळा संपवून आलेला होता, वय जेमतेम १८. कोनस मॅगस या जातीतलं हे पेप्टाइड २५ अमिनो आम्लांचं. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढे पाठवणाऱ्या चेतापेशींवर कॅल्शियमची एका विशिष्ट प्रकारची दारं असतात. हे पेप्टाइड तीच बंद करतं आणि निरोप तिथेच अडतो. हुबेहूब तेच रेणू प्रयोगशाळेत तयार करून झिकोनोटाइड हे औषध बनलं आणि डिसेंबर २००४मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मॉर्फीनची शरीराला सवय होते आणि मात्रा वाढवत न्यावी लागते, याची तशी होत नाही. पण ते पंपानं थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, आणि भ्रम, गोंधळ असे मनावरचे दुष्परिणामही गंभीर असतात. म्हणून बाकी सारे उपाय थकलेल्या रुग्णांपुरतंच ते राहिलं. त्याला चमत्कार म्हणणं बरोबर नाही, पण ज्यांचं दुखणं मॉर्फीननंही आवरत नाही त्यांच्यासाठी ते फार मोठं आहे.

२०१५मध्ये याच गटातून आणखी एक थक्क करणारी गोष्ट बाहेर आली. कोनस जिऑग्राफस माशांच्या इन्सुलिनसारखं इन्सुलिन बनवते आणि शिकारीसाठी वापरते. माशांच्या रक्तातली साखर घसरते, ते सुस्तावतात आणि अलगद तिच्या पसरलेल्या तोंडात जातात. हेलेना सफावी-हेमामी यांच्या या शोधाचं महत्त्व मधुमेहाच्या रुग्णांना लगेच कळेल. माणसाच्या इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटून राहतात आणि सुटे व्हायला वेळ घेतात. गोगलगायीच्या इन्सुलिनमध्ये चिकटण्याचा तो भागच नाही. अधिक झटपट काम करणाऱ्या इन्सुलिनचा नमुना म्हणून शास्त्रज्ञ आता त्याच्याकडे पाहत आहेत.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले के. एस. कृष्णन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम यांनी भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या कोनस अमाडिसमधून सोडियमच्या दारांवर परिणाम करणारं पेप्टाइड वेगळं केलं. कोकण-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावरही कोनसच्या जाती सापडतात. ओहोटीला फिरताना नक्षीदार, शंकूसारखा शंख दिसला आणि आत प्राणी जिवंत असेल, तर तो हातात घेऊ नका, खिशात तर मुळीच टाकू नका. आणि रत्नागिरी, मालवण, पणजीकडच्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना विनंती: एखादा विद्यार्थी या शंखाबद्दल विचित्र वाटणारा प्रयोग सुचवायला आला, तर त्याला तो करू द्या.